भागिले दहा

माझ्या दुकानात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी तणतणत येतं. नेट शंभरचं घेतलं, पण फाइल उतरताना आकडा बाराच्या वर सरकत नाही, कंपनीने चक्क ठगवलं, असं त्याचं म्हणणं असतं. माझं पांढुर्ण्यात ऑनलाइन फॉर्म भरण्याचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे जगातल्या सगळ्या कंपन्यांच्या वतीने मीच ऐकून घेते. मग त्याला स्टुलावर बसवते आणि रद्दी कागदाच्या मागे लिहून दाखवते. कंपनी बोलते बिटमध्ये, फाइल मोजली जाते बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शंभर भागिले आठ, साडेबारा. कोणी कोणाला ठगवलेलं नाही, जा घरी. माणूस निमूट जातो आणि माझी शिकवायची हौस फिटते.

हाच आठाचा भागाकार मी एका सोमवारी सकाळी सौसरला केला आणि माझ्या भाचीची नोकरी हातची जाता जाता राहिली. मी नवशिकी असते तर दोनदा तपासलं असतं. मला येत होतं, म्हणून मी चुकले.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताईचं सासर सौसर तहसिलीतल्या एका लहान गावात. भाऊजी लवकर गेले. ताईने दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून, संत्र्याच्या बागेत निंदण करून पोरीला नर्सिंग शिकवलं. पोरगी सरकारी दवाखान्यासाठी निवडली गेली. शुक्रवारी कागद तपासणी होती आणि सगळे कागद होते, एक सोडून. जातीचा दाखला मिळेना. आमच्या लोकांना तो हवा तर देशाची घटना लागू झाली त्याच्या आधीपासून आपला आजा इथेच राहत होता, याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याच्याकडे शेत आहे तो सातबारा नाही तर खसरा दाखवतो. ताईच्या सासऱ्यांच्या नावावर कधी वीतभर जमीन नव्हती, घर होतं ते गावठाणातल्या कुडाचं. राहता राहिली शाळा.

‘मामंजी शाळेत गेले होते,’ ताई म्हणायची. ‘मले सोता सांगतलं त्याईनं.’

गावच्या शाळेतलं जुनं दाखल-खारिज रजिस्टर जुन्या खोलीत पाणी शिरून कधीच लगदा झालं होतं. शिक्षण खात्याच्या कचेरीत दुसरी प्रत होती, पण ती दाखल नंबराप्रमाणे गठ्ठे बांधून ठेवलेली. तिथले बाबू भले होते. पण शेवटी त्यांनीही हात जोडले. ‘नंबर आणा बाई, पाच मिनटात काढून देतो. नुसत्या नावावरून शोधाचं म्हटलं तर माहं रिटायरमेंट होऊन जाईन.’

नंबर कुठे असेल ते जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ती म्हणजे मी.

सौसरला एक गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. तेव्हा सौसरमध्ये कॉम्प्युटर बघायला लोक चपला काढून आत यायचे. आसपासच्या गावांतल्या शाळांची जुनी रजिस्टरं वाळवी खाते आहे हे त्यांना सहन होईना. लुनावर बसून ते गावोगाव जायचे, मुख्याध्यापकांना गळ घालून रजिस्टर दोन दिवसांसाठी आणायचे आणि एकेक पान स्कॅन करायचे. पानं उलटायला मी होते. एकोणीस-वीस वर्षांची, चिडखोर, पण हात हलका. दोन उन्हाळे मी त्यांच्याकडे पानं उलटली आणि त्या बदल्यात कॉम्प्युटर शिकले. ताईच्या गावाचं रजिस्टर मी माझ्या हातांनी त्या काचेवर ठेवलं होतं. तेव्हा ताईचं लग्नही ठरलं नव्हतं, त्यामुळे त्यातली नावं वाचण्याचं मला काहीच कारण नव्हतं.

गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटर मात्र पुढच्या खोलीत टेबलावर तसाच होता, वर त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, विणलेला रुमाल. भंगारवाला दर दिवाळीला विचारायचा आणि काकू दर दिवाळीला त्याला चहा पाजून परत पाठवायच्या.

त्या सोमवारी सकाळी सातच्या बसने मी आणि भाची सौसरला पोचलो. ताई गावाहून आली होती. मी मशीन उघडलं, धूळ काढली आणि बटण दाबलं. आतल्या डिस्कने घशात काही अडकल्यासारखा आवाज केला आणि ती गप्प झाली. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी ती फिरली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि ताई हात जोडून उभी राहिली. मी मात्र घाबरले. अशी अडकलेली डिस्क मी पाहिली आहे. ती एकदा उठते, पण पुन्हा बंद केली की उठेलच असं कोणी सांगू शकत नाही. काकूंना मी बजावलं, याला आता कोणी हात लावायचा नाही.

‘हात नाही लावत बाप्पा,’ काकू म्हणाल्या, ‘पण चार वाजता लाईट जाणार हाय. तारा बदलून राहिले ना ते, सकाळीच मोबाइलवर आलं.’

इन्व्हर्टर होता, पण लाईट गेल्यावर तो चालू होईपर्यंत जो क्षणभर झटका बसतो तेवढ्यातच हे मशीन बंद पडलं असतं. यूपीएस आणून लावायचा तर आधी मशीनची पिन काढावी लागणार. लाईनवाल्यांना फोन करून थांबवावं असंही डोक्यात आलं, पण चार वाजता माणसं खांबावर चढणार होती, त्यांना काय सांगणार? म्हणजे माझ्या हातात नऊ ते चार, सात तास.

आता पडद्यावरच पान शोधून नंबर टिपून घ्यावा, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. गुरुजींनी गावागणिक फोल्डर केले होते, पण आतल्या पानांना नुसते आकडे होते. एक पान उघडलं. ते वरून खाली एकेक रेघ करत उमटायला दोन मिनिटं लागली. ताईच्या गावाची आठशे पानं होती. ते मी सोडून दिलं. सगळं माझ्या लॅपटॉपवर घ्यायचं आणि तिथे भराभर बघायचं, हाच मार्ग होता. फ्लॉपीचा खण गंजून घट्ट बसला होता, पेन ड्राइव्हचं भोक त्या काळी जन्मालाच आलं नव्हतं. मागे फक्त मोडेम लावायचा नऊ पिनांचा जुना पोर्ट होता. तशी वायर माझ्या दुकानाच्या कपाटात होती आणि मी ती आणलीच होती. गुरुजींनी मोडेमसाठी टाकलेला फाइल पाठवायचा प्रोग्रामही डिस्कवर जागच्या जागी होता.

मग मी हिशेबाला बसले. मशीनच्या बाजूला गुरुजींच्या अक्षरातला एक पिवळा कागद अजून चिकटलेला होता. टेप ड्राइव्ह, मिनिटाला नऊ मेगाबाइट. डिस्क, सेकंदाला एक मेगाबाइट. मोडेम, सेकंदाला तेहतीस हजार सहाशे बिट. प्रत्येक यंत्राची भाषा वेगळी. एक मिनिटाने बोलतं, एक सेकंदाने, एक बाइटमध्ये, एक बिटमध्ये. गुरुजी मला आधी सगळं एका रांगेत आणायला लावायचे, सेकंदाला किती बाइट. आकडा मागून, एकक आधी. मी टेपचा आकडा साठाने न भागता डिस्कशेजारी ठेवला आणि टेप नऊपट वेगवान आहे असं ऐटीत सांगितलं, तेव्हा ते हसले नव्हते. त्यांनी मला ती टेप चालू करून दिली आणि समोर घड्याळ ठेवून बसवलं. मी अर्धा तास नुसती बसले. तो धडा मी विसरले नाही, निदान तसं मला वाटत होतं.

डिस्कवर एकूण एकतीस कोटी बाइट होते. लॅपटॉप त्याला दोनशे पंच्याण्णव मेगाबाइट म्हणतो, कारण तो हजाराचा नाही तर एक हजार चोवीसचा टप्पा धरतो. हे असलं बारीकसारीक मला पाठ आहे, म्हणून मी सरळ बाइट धरले. ती वायर लॅपटॉपला जोडायच्या माझ्या नव्या डबीवर सेकंदाला बारा मेगाबिट लिहिलं होतं, म्हणजे पंधरा लाख बाइट. जुनी डिस्क दहा लाखांच्या आसपास. आणि मधली नऊ पिनांची वायर, एक लाख पंधरा हजार दोनशे बिट. सगळ्यात अरुंद दार तेच, बाकीच्यांच्या वेगाला इथे काही अर्थ नव्हता. एक लाख पंधरा हजार दोनशे भागिले आठ, चौदा हजार चारशे बाइट. एकतीस कोटी भागिले चौदा हजार चारशे, साडेएकवीस हजार सेकंद. सहा तास. नऊला सुरू केलं की तीनला सगळं बाहेर, वर एक तास शिल्लक.

ताई माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत होती. ‘आपल्या गावचं पयले घेत नाही का?’

फोल्डर अक्षरांच्या क्रमाने जाणार होते आणि ताईचं गाव सगळ्यात शेवटी होतं. एक ओळ जास्त टाइप करून मला ते पुढे घेता आलं असतं. पण माझा हिशेब झाला होता, आणि त्यातून मी काकूंच्या समोर बसले होते. गुरुजींच्या घरात येऊन आधी आपलंच ताट ओढून घ्यायचं मला बरं वाटेना. खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला माझ्या हिशेबाचा तोरा होता.

‘सारंच येऊन राहिलं ना ताई,’ मी म्हटलं. ‘तीन वाजता सारं हातात. घाबरतं कायले?’

काकूंनी पोहे केले. ते खाताना मी भाचीला बिट आणि बाइट समजावून सांगितले. ती बिचारी ऐकत होती.

अकरा वाजता मी सहज आकडा बघितला. दोन तासांत एक तृतीयांश माल यायला हवा होता, दहा कोटींच्या वर. आले होते आठ कोटी एकोणतीस लाख. आधी मला वायरचा राग आला. मग लॅपटॉपचा. पिना दाबून बघाव्यात म्हणून हात पुढे केला आणि स्वतःच तो मागे घेतला. मग गुरुजींनी केलं असतं ते केलं, कागद घेतला. आठ कोटी एकोणतीस लाख भागिले सात हजार दोनशे सेकंद. उत्तर आलं अकरा हजार पाचशे वीस. अंदाजे नाही, जवळजवळ तंतोतंत. खराब वायर अशी मोजून मापून खराब होत नाही. एक लाख पंधरा हजार दोनशेला दहाने भागलं की हाच आकडा येतो.

आठाने नाही, दहाने. या जुन्या वायरवर आठ बिट नुसते जात नाहीत. त्यांच्या आधी एक बिट जातो, आता येतं आहे हे सांगायला, आणि मागून एक, संपलं हे सांगायला. आठ मालाचे आणि दोन खुणेचे. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पण इतकी वर्षं दुकानात सगळ्यांना आठ, आठ, आठ शिकवून माझ्या जिभेला तेवढं एकच वळण पडलं होतं.

आणि ही चूक मी केली, माझ्या बाबांच्या पोरीने, याचा मला जास्त राग आला. आमचे बाबा संत्र्याच्या हंगामात बागवानांकडे गिनतीला जायचे. दोन्ही हातांत मिळून पाच फळं उचलायची आणि ढिगात टाकायची, असे वीस फेरे झाले की शंभर. शंभर झाले की एक संत्रं बाजूला ठेवायचं. ते खुणेचं. शेवटी खुणेची फळं मोजली की किती शेकडे झाले ते कळतं. पण ती खुणेची फळं मालात धरायची नाहीत, हा गिनतीवाल्याचा पहिला नियम. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा मदत म्हणून ती बाजूची सगळी संत्री उचलून ढिगात टाकली होती. बाबांनी मारलं नाही. सगळा ढीग पुन्हा मोजला आणि पूर्ण वेळ मला शेजारी उभं केलं. संध्याकाळपर्यंत माझे पाय मोडून आले होते. त्या पोरीने आज पुन्हा खुणेची फळं मालात धरली होती, आणि या वेळी ढीग पुन्हा मोजायला वेळ नव्हता.

मी तोंड धुऊन आले आणि तिघींना समोर बसवून खरं सांगितलं. हिशेब चुकला आहे. वायरची काही चूक नाही, माझी आहे. असंच चालू दिलं तर सगळं बाहेर यायला साडेचार वाजतील आणि लाईट चारला जाईल. शेवटी राहतं ते ताईचंच गाव.

ताई रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. भाची म्हणाली, ‘मावशी, आता थांबवून आपलं पयले घेता येते का?’

येत होतं. पण हा जुना प्रोग्राम मधेच थांबवला की कधी कधी अडकून बसायचा. गुरुजींच्या वेळी तो अडकला की मशीन बंद करून पुन्हा चालू करणं एवढाच उपाय असायचा. आज तो उपाय नव्हता. न थांबवावं तर पान नक्की जाणार, थांबवावं तर सगळंच जाण्याची भीती. मी कागदावर दोन्ही बाजू मांडल्या. एका बाजूला खात्रीने नाही, दुसऱ्या बाजूला कदाचित हो. यात विचार करण्यासारखं काही उरत नाही. थांबवायचं.

तेवढ्यात काकूंनी विचारलं, ‘मंग राहीन कोणाचं?’

हा प्रश्न मी टाळत होते. थांबवायचा, पुन्हा सुरू करायचा वेळ धरला तर तीन कोटी बाइट आत राहणार होते. मी यादी पाहिली आणि शेवटच्या दोन गावांची नावं सांगितली. काकूंना ती गावं माहीत होती. एका गावचं रजिस्टर मिळवायला गुरुजी तीनदा गेले होते.

‘तुह्या पोरीची तारीख शुक्रवारची हाय,’ त्या म्हणाल्या. ‘त्याईची तारीख अजून आली नाही. घे तू.’

एक फाइल संपून दुसरी सुरू होण्याच्या मधला क्षण मी धरला आणि कळ दाबली. पडदा थिजला. ठिपका लुकलुकायचा थांबला. डिस्क फिरत होती हे आवाजावरून कळत होतं, पण पडद्यावर काही हलेना. मी दुसरी कळ दाबली नाही. दाबाविशी फार वाटली, माझा स्वभाव तसा आहे, लिफ्टचं बटणसुद्धा मी चारदा दाबते. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. किती वेळ गेला कोण जाणे. मग ठिपका परत आला. माझ्या तोंडून इतका मोठा सुस्कारा निघाला की ताई दचकली.

सव्वाअकराला ताईच्या गावाचा फोल्डर सुटला. दोन कोटी चाळीस लाख बाइट. या वेळी दहाने भागलं. पस्तीस मिनिटं. अकरा पन्नासला शेवटचं पान आलं, सांगितलेल्या मिनिटाला. एरवी मी यावर चार वाक्यं तरी बोलले असते. त्या दिवशी नुसती बाकीची गावं लावून दिली आणि भाची लॅपटॉपवर पानं वाचू लागली.

काळ्या शाईचं, वळणदार, दाटीवाटीचं अक्षर. कुठे डाग, कुठे पान तिरपं. तिरप्या पानांवर कडेला माझी बोटं दिसत होती, वीस वर्षांची. ताईला फारसं वाचता येत नाही, तरी ती प्रत्येक पानावर डोळे लावून होती. काकू चष्मा लावून दुसऱ्या बाजूला. एक वाजला, दीड वाजला. सहाशेच्या पुढे पानं गेली आणि मला मनातून वाटायला लागलं की सासरे शाळेत गेलेच नसतील. म्हातारी माणसं सुनेला सांगतात काहीबाही. हा विचार मी ताईसमोर बोलून दाखवला नाही, पण मी तो केला, हे लिहायला हवं.

सव्वादोनला भाची थांबली. तिने बोट ठेवलं आणि वाचलं. आजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, जात, राहणार तेच गाव, दाखल इयत्ता पहिली. घटना लागू होण्याच्या कितीतरी आधीचं साल. आणि डाव्या कडेला नंबर. पानाची उजवी कड शिवणीत गेली होती, तिथली अक्षरं लागत नव्हती. आम्हाला त्यांची गरजही नव्हती. ताईने पदर तोंडात धरला आणि रडली, आणि मग मीही रडले. काकूंनी आम्हा दोघींना पाणी दिलं.

लाईट चारला चार मिनिटं असताना गेली. डिस्क हळूहळू मंदावली आणि थांबली. संध्याकाळी लाईट आल्यावर मी पंधरा वेळा तरी प्रयत्न केला. ती उठली नाही. त्या दोन गावांची पानं अजून तिच्या आत आहेत. डिस्क काकूंच्या परवानगीने माझ्याकडे आहे. नागपूरला दोन ठिकाणी दाखवली, एकाने नाही म्हटलं, एकाने बघतो म्हटलं आहे. त्या गावांची माणसं दुकानात फॉर्म भरायला येतात, त्यांना मी हे सांगून ठेवलं आहे आणि ती पानं बाहेर काढल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. ती चूक माझी होती. दुसऱ्या कोणी ती निस्तरावी असं मला वाटत नाही.

बुधवारी आम्ही तिघी कचेरीत गेलो. बाबूंनी नंबर पाहिला, उठले आणि खरंच पाच मिनिटांत गठ्ठा घेऊन आले. धूळ झटकली, पान काढलं, शिक्क्याचा कोरा कागद घेतला आणि एकेक रकाना मोठ्याने वाचत उतरवून घेऊ लागले. नाव. बापाचं नाव. जात. राहणार. ही प्रत धड होती, उजव्या बाजूचे रकानेही स्वच्छ होते.

‘शाळा सोडल्याचं कारण,’ बाबूंनी वाचलं, ‘सतत गैरहजर.’

सगळ्या कचेऱ्यांत आजवर माझ्या मागे उभी राहिलेली ताई पुढे आली. ‘तेवढं नका लिवू साहेब.’

‘जे हाय तेच उतरवा लागते बाई.’

‘गैरहजर नव्हते ते,’ ताई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. ‘रोज जात होते. दोन वर्स. आमच्या लोकायच्या लेकराले आत बसू देत नव्हते, दाराच्या बाहेर बसाचे ते. तिथून आयकू येईन तेवढं शिकले. हजेरी आत बसणाऱ्यायचीच होये.’

बाबूंचा पेन थांबला. भाची माझ्याकडे बघत होती, तिलाही हे नवीन होतं. बाबूंनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग त्यांनी जे होतं तेच उतरवलं, कारण दुसरं काही करणं त्यांच्या हातात नव्हतं. शिक्का मारला, सही केली आणि कागद उठून, दोन्ही हातांनी ताईला दिला.

दाखल्याचा अर्ज एवढ्याच कागदावाचून अडला होता, त्या नकलेवर गुरुवारी दाखला मिळाला. शुक्रवारी कागद तपासले गेले आणि दीड महिन्याने भाची दवाखान्यात रुजू झाली. पहिल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला तेव्हा ताई माझ्याच दुकानात होती. ड्यूटी कोणती, जेवली का, राहायची खोली कशी आहे, असलं काहीच ताईने विचारलं नाही.

‘आत बसवलं ना तुले?’ ती म्हणाली.

‘हाव माय,’ पोरगी म्हणाली, ‘आत बसूनच बोलून राहिली.’